सुई, खडू आणि खोलीचं भाडं: नाशिकमध्ये स्थलांतरितांसोबत कलेतून संशोधन कसं करायचं

"नाशकात कधी आलात?" असं विचारलं की उत्तरात एक साल मिळतं. त्याच माणसाच्या हातात खडू देऊन "पहिल्या रात्री कुठं झोपलात, तिथून कामाला कसे जायचात, ते इथं जमिनीवर काढा" म्हटलं, की द्वारकेचा चौक, मामाची पत्र्याची खोली, उधारीवर तांदूळ देणारं दुकान, रात्री उठवून लावलेला फूटपाथ असं एकेक बाहेर येतं. हात कामात असले की समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलावं लागत नाही. या पद्धतीचं मर्म एवढंच आहे. चित्र सुंदर झालं की नाही, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

हा लेख समाजकार्य, समाजशास्त्र, पत्रकारिता किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. सुरुवातीलाच एक कसोटी लावून ठेवा. तुमचा प्रश्न, साहित्य, जागा किंवा वेळ यांपैकी निदान एक गोष्ट सहभागी लोकांनी बदलली का? बदलली नसेल, तर तुम्ही चित्रकला स्पर्धा भरवलीत.

कोणासोबत, आणि कोणत्या महिन्यात

२०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. त्यातले "बाहेरून आलेले" सगळे एका जातकुळीचे नाहीत. सिडकोत, सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींत धुळे-जळगावकडची कुटुंबं पिढी-दोन पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. तिथं जिन्यात अहिराणी कानावर पडते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची आदिवासी कुटुंबं हंगामानुसार दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, काही शहरातल्या बांधकामांवर येतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातले कारागीर, मराठवाड्यातले मजूर आणखी वेगळे. तीस वर्षं सिडकोत घर असलेल्या माणसाला आणि आज सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्याला पहिल्याच दिवशी एका सतरंजीवर बसवू नका. दुसरा गप्प बसतो आणि पहिला त्याच्या वतीने बोलतो.

प्रश्न छोटा घ्या. "स्थलांतराचा अनुभव" हा प्रश्न नव्हे, ते प्रबंधाचं शीर्षक झालं. "नाशकात खोली कशी मिळते?", "आजारी पडल्यावर पहिला फोन कुणाला?", "पाऊस लागून काम बंद पडलं की दिवस कसा जातो?" असे प्रश्न चालतात.

वेळापत्रक तुमच्या परीक्षांवरून ठरवू नका. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते, मग डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, पुढे जानेवारीपासून काढणी, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. या दिवसांत मजुरांच्या टोळीतल्या माणसाला दोन तास मागणं म्हणजे त्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी मागणं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशी बायका माहेरी जातात. दिवाळी ते छठ उत्तरेकडचे बरेच जण गावी असतात. जे इथं राहतात ते छठला रामकुंडावर भेटतात, पण तो त्यांच्या पूजेचा दिवस, तुमच्या अभ्यासाचा नव्हे. होळीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं गावाकडे निघतात. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी फेरीवाल्यांना बोलावू नका. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या.

नाक्यावर सकाळी मजूर उभे असतात तेव्हा वही काढू नका. ठेकेदाराची गाडी येते आणि तुमच्याशी बोलत असलेल्या माणसाचं काम दुसऱ्याला जातं. नाका उठल्यावर जे उरतात त्यांच्याशी बोला. तेव्हा त्यांना वेळ असतो, आणि रिकाम्या दिवसाबद्दल सांगण्यासारखंही बरंच असतं.

एका वस्तीसाठी १२ आठवडे धरा. पहिले तीन नुसत्या ओळखीचे, पुढचे सहा प्रत्यक्ष बैठकांचे, शेवटचे तीन एकत्र बसून अर्थ लावण्याचे आणि परत देण्याचे. शेवटचे तीन सगळेच कापतात. तुम्ही कापू नका.

पैसे आणि परवानगी

बैठकीला आलेल्याचा बुडालेला रोज द्या. त्या भागात बिगाऱ्याला, मिस्त्रीला, घरकाम करणाऱ्या बाईला आज काय मिळतं ते आधी विचारा, आणि अर्ध्या दिवसाच्या बैठकीला किमान अर्धा रोज, वर सिटीलिंक या शहर बसचं भाडं. सगळ्यांना सारखीच रक्कम, ती आधीच जाहीर, आणि बैठक अर्ध्यात सोडणाऱ्यालाही पूर्ण. "पैसे दिले तर लोक खोटं बोलतील" असं सांगणारे भेटतील. फुकट वेळ देणं कुणाला परवडतं, हे त्यांनी एकदा मोजून बघावं. सोबत चित्रकार किंवा नाट्यकर्मी असेल तर त्याचं मानधनही अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवं.

परवानगी एकदाच सही घेऊन संपत नाही. तीन वेगळ्या परवानग्या घ्या: बैठकीत बसण्याची, आवाज रेकॉर्ड करण्याची, आणि केलेली वस्तू इतरांना दाखवण्याची. तिसरी वस्तू पूर्ण झाल्यावर विचारा, कारण आधी कुणालाच माहीत नसतं आपण काय काढणार आहोत. वाचता न येणाऱ्यांकडून तोंडी संमती त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा. "माझं काढून टाका" असं सांगण्याची शेवटची तारीख ठरवा आणि सांगा. कॉलेजमार्फत काम असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी पहिल्या बैठकीच्या आधी हातात हवी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते काढणारा असतो, कागद-रंग तुम्ही आणले असले तरी. अहवालात छापायचं तर लेखी परवानगी घ्या, नाव घालायचं की नाही हे त्यालाच विचारा.

आणखी एक. वस्तीत नवा माणूस वही घेऊन आला की घरकुलाची किंवा रेशनकार्डाची यादी चालू झाली असं वाटतं. मग नकाशावर फक्त तुंबलेली गटारं आणि बंद नळ उतरतात. तुम्ही काय देऊ शकत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सरळ सांगून टाका.

जमिनीवरचा नकाशा

सुरुवात इथूनच करा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त देणारी पद्धत हीच.

१. समाजमंदिर, देवळाचा ओटा किंवा मुलं गेल्यावर अंगणवाडीची खोली घ्या. किमान १० बाय १२ फूट मोकळी फरशी हवी. खोलीमालकाच्या पार्किंगमध्ये बसलात तर भाड्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही.

२. सहा ते आठ माणसं, दोन तास. पहिल्या वेळी बायका आणि पुरुष वेगळे. तुमच्या बाजूने तिघं: एक विचारणारा, एक लिहिणारा, आणि एक चहा, दार आणि लहान मुलं सांभाळणारा. तिसरा नसेल तर बायकांची बैठक वीस मिनिटांत मोडते.

३. कागद लगेच काढू नका. कोरा कागद आणि पेन पुढे आलं की शाळा आठवते, आणि "मला चित्र येत नाही" सुरू होतं. खडू, रांगोळी, बाटलीची झाकणं, खडे, चिंचोके ठेवा. पहिलं वाक्य: "तुम्ही झोपता ती जागा मधोमध ठेवा." तिथून बाहेर जायचं: पाणी, संडास, किराणा, काम, दवाखाना, पैसे पाठवायचं दुकान, जिथं जायला नको वाटतं ती जागा. गोदावरी किंवा उत्तर दिशा तुम्ही आधी काढून देऊ नका. एखाद्याच्या नाशकात नदीच नसते, आणि ते टिपून ठेवण्यासारखं असतं.

४. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. "महिन्याची कमाई म्हणजे हे दहा, कुठं किती जातात ते ठेवा." भाडं, जेवण, गाव, उचल फेडणं, फोन. आकडा विचारला असता तर संकोच झाला असता. चिंचोके मात्र लोक शेजाऱ्याच्या ढिगाकडे बघत हलवतात, आणि त्या हलवण्यावर चर्चा होते.

५. आता कागद. २२ बाय २८ इंचांची चार कार्डशीट मागून चिकटवा. पुढून टेप लावली तर त्यावर मार्कर धरत नाही. ४४ बाय ५६ इंचांचा एक कागद होतो, भोवती आठ जण बसू शकतात. जाड मार्करच घ्या. सिमेंटने चिरलेल्या, घट्टे पडलेल्या बोटांत बारीक पेन्सिल टिकत नाही. एका माणसाला एकच रंग, म्हणजे कुणी काय काढलं ते नंतर कळतं. रंग त्यांनाच निवडू द्या: निळ्या, भगव्या, हिरव्याला वस्तीत आधीच अर्थ असतात.

६. दर दहा मिनिटांनी स्टुलावर चढून एकाच जागेवरून फोटो घ्या. पुसलेलं नंतर दिसत नाही, आणि पुसलेलंच बऱ्याचदा महत्त्वाचं असतं. कोपऱ्यात तारीख आणि बैठकीचा क्रमांक लिहा, नावं नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते आणि बांधकामं बदलत आहेत, त्यामुळे तारीख नसलेला नकाशा सहा महिन्यांत निरुपयोगी होईल.

बिघडतं ते असं. मार्कर एकाच्याच हातात राहतो. त्याला मान देऊन "तुम्ही जरा चिंचोके मोजा" म्हणा. कुणीतरी फोनवर गुगलचा नकाशा उघडतो आणि सगळे त्याची नक्कल करतात. फोन सुरुवातीलाच पिशवीत. मुकादम येऊन बसतो आणि सगळ्यांचे ढीग सारखे होतात. त्याला हाकलता येत नाही, कारण उद्या काम तोच देणार असतो. त्याची वेगळी बैठक ठेवा, आणि खरंच ठेवा. टोळी कशी जमते, उचल कशी ठरते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असतं?

मापं त्यांचीच राहू द्या. जुना नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो: गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. काठावरच्या शेडमध्ये गेल्या वर्षी आलेला माणूस धान्याची गोणी कुठल्या फळीवर चढवावी लागली ते सांगेल. दोन्ही मापं तशीच लिहा. फुटांत केलंत तर कोण किती दिवसांपासून या नदीला ओळखतो, ते हरवतं.

गोधडी

नकाशा एका दुपारचा असतो, गोधडी महिनाभर चालते. ज्या गोष्टी ओळख वाढल्याशिवाय बोलल्या जात नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धत. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर बायकांनी चिंध्यांतून शिवलेली चित्रं बेपत्ता माणसांची साक्ष बनली. आपल्याकडे तर जुन्या लुगड्यांचे थर घालून वाकळ शिवणं घरोघरी माहीत आहे.

बारा जणांसाठी मांजरपाट घ्या, आणि कापण्याआधी धुवा. नवं मांजरपाट आटतं. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात गोधडी चुण्या पडून वेडीवाकडी होते. १३ बाय १३ इंचांचे चौकोन कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाईल. तीन आडवे, चार उभे जोडले की ३६ बाय ४८ इंचांची गोधडी होते, वर कडेचा अर्धा इंच. आत जुन्या सुती साडीचे दोन थर, मागे अस्तर. रंगीत तुकडे वेगवेगळे भिजवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. लाल कापड रंग सोडून शेजारच्याचं गाव गुलाबी करतं. मोठ्या नाक्याच्या सुया आणि जाड सुती दोरा. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, त्याच फरशीवर रांगणारी पोरं असतात.

विषय एकच द्या: "निघताना सोबत काय घेतलं, आणि काय मागे ठेवलं?" एका चौकोनाला दोन-दोन तासांच्या तीन बैठका लागतात, चौथी जोडण्याची. पहिली बैठक दोरा ओवण्यात आणि लाजण्यात जाते, त्यात काही मिळालं नाही म्हणून घाबरू नका. नमुन्याचा चौकोन दाखवू नका: झोपडी दाखवलीत की बारा झोपड्या येतील. धावदोरा आणि तुकडा कसा जोडायचा एवढंच कोऱ्या कापडावर शिकवा.

शिवण म्हणजे बायकांचं, असं धरून चालू नका. टेलरिंग करणारे पुरुष कारागीर शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हात तुमच्यापेक्षा बरा असतो. वाकडा टाका सरळ करून देण्याचा मोह कलाकाराला फार होतो. करायचं नाही. आणि "आदिवासी आहेत तर वारली काढू या" हा उत्साहही आवरा. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल कुटुंबांवर वारली शैली लादण्याचं कारण काय?

गोधडी शेवटी कुणाची, हे पहिल्या टाक्याआधी ठरवा. बारा जणांची एक वस्तू नंतर वाटता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे चौकोन ज्याचे त्याला परत, आणि जोडलेल्या गोधडीचा मोठा फोटो तुमच्याकडे.

बाकीच्या पद्धती, थोडक्यात

*सोबत चालणं.* वाट त्याने ठरवायची, तुम्ही मागे. ४५ ते ६० मिनिटं, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. कॉलरला लावायचा छोटा माईक वापरा. महामार्गाच्या कडेला हातातल्या फोनवर फक्त ट्रक ऐकू येतात.

*फोटो.* फोटोव्हॉइस ही पद्धत कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या ग्रामीण बायकांसोबत काम करताना घडवली. एका आठवड्यात पाचच फोटो मागा. पन्नास मागितले तर निवडण्याचा विचार होत नाही. फोनमधलं लोकेशन आधी बंद करा, नाहीतर फोटोसोबत खोलीचा पत्ताही तुमच्याकडे येतो. बंगाली बोलणारे मजूर, कागदपत्रं अपुरी असलेली कुटुंबं यांच्यासाठी ही साधी काळजी नाही. कारखान्याची पाटी, गाडीचा नंबर, दुसऱ्यांचे चेहरे असलेले फोटो बाहेर दाखवायचे नाहीत.

*शरीराचा नकाशा.* कागदावर झोपून बाह्यरेषा काढायची आणि काम कुठे कुठे दुखतं ते रंगवायचं. बायकांसोबत बायकांनीच घ्यावा, आणि झोपायला नको वाटलं तर हातभर आकृती पुरते. २०२० च्या टाळेबंदीत महामार्गाने चालत गेलेले, किंवा १ मे २०२० ला सुटू लागलेल्या श्रमिक गाड्यांतून नाशिक रोडहून निघालेले लोक असतील तर आठवणी एकदम वर येतात. एक माणूस फक्त त्यासाठी मोकळा ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

*नाटक.* ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांचं फोरम थिएटर इथं चपखल बसतं. दहा मिनिटांचा प्रसंग: खोली बघायला गेलेला माणूस आणि "कुठले तुम्ही? काय खाता? किती जण राहणार?" विचारणारी मालकीण. कुणीही "थांबा" म्हणायचं, उठायचं आणि त्या माणसाच्या जागी स्वतः उत्तर द्यायचं. आडनाव कसं टाळायचं, मित्राला भाऊ कधी म्हणायचं, ही शहरात राहण्याची विद्या प्रश्नावलीत कधीच येत नाही. प्रेक्षकांत खरोखरचा मालक नाही ना, हे बघून घ्या.

शब्द जपा

रेकॉर्डर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. फरशीवर ठेवला तर प्रत्येक खडूची ठकठक येते. पंखा त्याच्यापासून लांब. दोन फोनवर रेकॉर्ड करा. टिपणं २४ तासांच्या आत.

बोलणं आधी जसंच्या तसं उतरवा, मराठी नंतर. अहिराणीतलं "कथा" म्हणजे "कुठे". घाईत ऐकणारा तिथं गोष्ट लिहून मोकळा होतो. बिहारकडचे लोक शहरातल्या भाड्याच्या जागेला "डेरा" म्हणतात आणि गावाकडच्याला "घर". दोन्हींचं भाषांतर "घर" केलंत तर संशोधनच पुसलंत. आपल्याकडेही तेच: पंधरा वर्षं नाशकात राहिलेला माणूस "खोलीवर जातो" म्हणतो, "घरी जातो" गावाला. कोणता माणूस कोणत्या वर्षापासून खोलीला घर म्हणू लागला, यावर अख्खा अभ्यास उभा राहू शकतो.

प्रत्येक बैठकीचा एक तक्ता करा: काय काढलं, कोणत्या रंगाने, कितव्या मिनिटाला, तेव्हा काय बोललं गेलं, काय पुसलं, कुणावर वाद झाला, कोण गप्प होतं. नुसता कागद घेऊन अर्थ काढत बसू नका. लाल वर्तुळ म्हणजे राग, असं पुस्तकी वाचन हमखास चुकतं. कदाचित दुसरा मार्कर वाळला होता.

मग सगळे कागद फरशीवर अंथरा आणि लोकांनाच सारख्यांचे ढीग लावायला सांगा, ढिगाला नाव द्यायला सांगा. तुमच्या डोक्यातला "असुरक्षितता" नावाचा ढीग तिथं "डिपॉझिट" किंवा "रात्रीचा नळ" या नावाने येईल. अहवालातली प्रकरणं त्या नावांनी करा.

दाखवणं आणि परत देणं

सार्वजनिक वाचनालयात किंवा कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शन भरलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, पण ज्यांनी काढलं ते संध्याकाळी कामावरून तिथं पोचत नाहीत. म्हणून पहिलं प्रदर्शन त्याच समाजमंदिरात, रात्री आठनंतर, एका संध्याकाळचं. तिथं कुणी "हे काढा" म्हटलं तर लगेच काढा. बाहेर नेताना खोल्यांच्या नेमक्या जागा झाका, फक्त भागाचं नाव ठेवा.

सहा महिन्यांनी अर्धी माणसं त्या खोलीत नसतील आणि सिमकार्डही बदललेली असतील. त्यामुळे पहिल्याच भेटीत गावाकडचा कायम लागणारा एक नंबर विचारून घ्या, बहुतेकदा तो आईचा किंवा किराणा दुकानदाराचा असतो. तो संशोधनाच्या कागदांपासून वेगळ्या वहीत, कुलपात ठेवा. नकाशाची रंगीत प्रत लॅमिनेट करून टोळीतल्या कुणासोबत पाठवली की पोचते.